पासिंगच्या आधीची पाने

२२ ऑक्टोबर २०२३, रविवार
गाडी धुतली. बॅटरीखालच्या पत्र्याला गंज धरला होता. बॅटरी उतरवली, दहाच्या पान्यानं आजूबाजूचे सगळे बोल्ट खोलले, वायरी सुतळीनं बाजूला बांधल्या. पॉलिश पेपरनं गंज काढता काढता बोटांची सालं निघाली. गेटसाठी आणलेला काळा रंग होता, तोच मारला. दोन हात. दुपारभर वाळू दिला. संध्याकाळी सगळं जागच्या जागी, घट्ट.
ही म्हणाली, आतून रंगवून कोण पाहणार आहे? म्हटलं, पासिंगवाला.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा
गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. सोनं वाटून झालं. धान पिवळा पडायला लागलाय, हलका धान आठवड्यात कापणीला येईल.
आरसी काढून पाहिली. मुदत १९ डिसेंबर. मारुती ८००, २००८ची, पंधरा वर्षं भरतात. थोरल्याचा पुण्याहून फोन. "बाबा, भंगारात द्या. मी हप्त्यावर नवी घेऊन देतो." पुन्हा नोंदणीची फी पूर्वी सहाशे होती, आता पाच हजार. पर्यावरण कर वेगळा. त्याचं म्हणणं, गाडीची किंमत तरी तेवढी उरली का.
फोन हिच्याकडे दिला.

२८ ऑक्टोबर, शनिवार. कोजागिरी
रात्री ग्रहण, म्हणून दूध लवकर उरकलं. गोंदियाहून यायला अंधार झाला. रस्ता नेहमीपेक्षा काळा वाटला. गाडीचा उजेड पिवळट. काच पुसली. तसाच.

२९ ऑक्टोबर
हिला विचारलं, काल उजेड कमी वाटला का? म्हणाली, मी झोपले होते.

१ नोव्हेंबर, बुधवार
इंडिकेटर लावला की हेडलाइटही मिचकतो. टिक, मंद. टिक, मंद. भिंतीसमोर गाडी उभी करून पाहिलं, भास नाही. हॉर्नचा आवाज घसा बसल्यासारखा.
सेल्फ मात्र एका झटक्यात लागतो. त्यामुळे कोडं.

३ नोव्हेंबर, शुक्रवार
गोंदियातलं बॅटरीचं दुकान. पोरानं बॅटरीला चिमटे लावले, यंत्रावरचा काटा पाहिला, म्हणाला, "तीन वर्षं झाली ना? मग हीच." जुनी परत देऊन ३,८०० रुपये. वर हसून सांगतो, आता लख्ख.
येताना दिवस होता. लख्ख की कसं ते कळलं नाही.

४ नोव्हेंबर
रात्री गावाबाहेर लहरी आश्रमापर्यंत फेरी मारली. कळलं. पिवळाच.

६ नोव्हेंबर, सोमवार
आमगावला डोळे तपासले. नंबर तोच. मोतीबिंदूची सुरुवातसुद्धा नाही. खुशीत बाहेर आलो आणि पार्किंगमध्येच खुशी उतरली. डोळ्यांचा दोष असता तर थेंब टाकून भागलं असतं.

८ नोव्हेंबर
धान कापणीला मजूर मिळेना. हार्वेस्टरवाल्याची वाट सगळे पाहतात. बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ विमानांचा मात्र खंड नाही. एक उतरतं, धावपट्टीला टेकतं न टेकतं तोच पुन्हा वर. शेतात वाकलेली बाई मान वर करत नाही. सवय.

१० नोव्हेंबर, शुक्रवार. धनतेरस
गोंदियातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात कोणी सांगितलं, "गुरुजी, साठ-पंचावन्नचे बल्ब काढा, शंभर-नव्वदचे टाका. समोरचा आंधळा होतो." आणले. नियमात बसत नाहीत ते ठाऊक आहे. सणाचा दिवस, मन पाघळलं.

११ नोव्हेंबर
शंभर-नव्वदचे लावले. आधीपेक्षा पिवळे! दोनदा काढून घालून पाहिले. जास्त वॅटचा बल्ब, तरी उजेड कमीच. हे नववीच्या पोरालाही खटकेल. मी जुने बल्ब परत लावले आणि फराळाला बसलो.

१२ नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन
दारात सत्तावीस पणत्या. गाडी अंधारात उभी.

१५ नोव्हेंबर, बुधवार. भाऊबीज
बहीण तिरोड्याहून आली. तिला दिवसाउजेडी बसनं परत पाठवलं. गाडीनं सोडतो म्हणालो नाही. तिनं विचारलंही नाही, फक्त गाडीकडे एकदा पाहिलं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
सासरवाडीची मंडई. मामाजींचा सकाळीच फोन, जावई आला नाही तर मंडई कसली. दिवसा दंडार, रात्री नाटक. यंदा धान मळणीला यायच्या आत मंडई आली, तरी गर्दी तेवढीच. जिलेबी, उसाचे कांडे, खेळण्यांची दुकानं. मामाजी नाटकाला पहिल्या रांगेत, मफलर बांधून.
अकराला निघालो. नको म्हणत होते सगळे. सोमवारी तपासायच्या वह्या आहेत, असं काहीबाही सांगितलं. चतुर्थीची कोर केव्हाच मावळलेली. दोन्ही बाजूंना धान, त्यामुळे अंधार ओला. डीपर मारला तरी वीस पावलांपलीकडे काही नाही. समोरून मोटारसायकल आली की तिच्या उजेडात रस्ता दिसे, ती गेली की पुन्हा विहीर. उबेसाठी पंखा लावला तर उजेड आणखी बसला. बंद केला.
नहराच्या वळणावर ट्रॉली. धानाच्या पेंढ्यांनी भरलेली, डांबरावरच उभी, मागं ना दिवा ना लाल पट्टी. ब्रेक दाबला तेव्हा पेंढ्यांची टोकं बोनेटवर आली होती. दोन हात अंतर राहिलं असेल. इंजिन बंद पडलं.
ट्रॅक्टरवाला उतरून आला. हातात मोबाइलचा टॉर्च. गाडीच्या तोंडाकडे धरला आणि म्हणाला, "अजी, लाइट तं लावा!"
लावलेलाच होता.
घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. चपला काढताना म्हणाली, "आता रात्रीची ही गाडी नाही."

१८ नोव्हेंबर
बोनेटवर पेंढीची तीन पानं अडकलेली. काढली नाहीत.

१९ नोव्हेंबर, रविवार
अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल हरलो. गावात फटाके आणून ठेवलेले तसेच.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
पुन्हा गोंदिया. या वेळी डायनामोवाला. गाडीला डायनामो नसतो, अल्टरनेटर असतो. पण हे सांगायला गेलं की भाव वाढतो. त्यानं पट्टा ताणून पाहिला, ठीक. खोलला. कार्बन झिजलेत म्हणाला. कार्बन, बेअरिंग, मजुरी मिळून १,४५०. काढलेले कार्बन हातावर ठेवले. निम्मे शिल्लक होते. मी बोललो नाही.
ॲक्सिलरेटर जड लागतो हल्ली. त्याला दाखवलं. वायरीत तेल सोडलं त्यानं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

२२ नोव्हेंबर
पिवळाच.

२३ नोव्हेंबर
नवीन गंमत. दिवे लावले की टेंपरेचरचा काटा एक घर सरकतो. इंजिन थंड, पाणी पुरेसं. दिवे बंद, काटा जागेवर. दिव्याचा आणि पाण्याच्या उष्णतेचा संबंध काय? वहीत लिहून ठेवतो, कारण सांगितलं तर कोणी मानणार नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
थोरल्याचा मेसेज. एलईडी बल्बची लिंक. खाली हात जोडलेले.

२७ नोव्हेंबर, सोमवार
गुरुनानक जयंतीची सुटी. दुपारपासून आभाळ. रात्री पाऊस. कापून ठेवलेल्या धानावर. खिडकीतून टॉर्च हलताना दिसतात, सगळे ताडपत्र्या घेऊन पळतात.

२८ नोव्हेंबर, मंगळवार
पाऊस चालूच. बांध्यांत कापलेल्या धानाच्या सरड्या पाण्यात तरंगतात. आधारभूत भाव २,१८३ रुपये क्विंटल, पण ओला धान केंद्रावर घेणार कोण. शेजारच्या काकाजींनी एक सरडी उचलून पिळली, कापड पिळावं तशी.
त्यांना औषध आणायला गाडी काढावी लागली. वायपर लावला. वायपर मध्यावर दम खातो, दिवे निखाऱ्यासारखे. काकाजी बाजूला बसलेले. म्हणाले, "गुरुजी, तुमची गाडी म्हातारी झाली गा." त्यांच्या तोंडी धानाचा विषयच नव्हता.

३० नोव्हेंबर, गुरुवार
नववी ब. धाराविद्युत. फळ्यावर परिपथ काढला: विद्युतघट, कळ, दिवा. सवयीनं खाली लिहिलं, जोडतारांचा रोध नगण्य मानू. एकतीस वर्षं लिहितोय.
मागच्या बाकावरची पोरगी उभी राहिली. "सर, नगण्य म्हणजे किती?"
"धरला नाही तरी फरक पडत नाही, इतका कमी."
"मोजून पाहिला असेल ना कोणीतरी?"
बेल झाली. वाचलो.

१ डिसेंबर, शुक्रवार
बिरसीहून इंडिगोचं हैदराबादचं विमान सुरू झालं. गाव पोरंटोरं घेऊन पाहायला. रोजच्या शिकाऊ विमानांपेक्षा बरंच मोठं, पंख्याचं.
मी शाळेतच. प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. मल्टिमीटर सापडला, मागची झाकणी नाही, आतला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मेलेला. किराणा दुकानात तो सेल मिळाला, ही खरी प्रगती.
रोधाच्या नियमाचा ओहमही शाळामास्तरच. कलोनला पोरांना गणित-विज्ञान शिकवायचा. १८२७ साली पुस्तक काढलं, त्याच्या देशात धड कोणी विचारलं नाही. प्रयोगाला त्यानं साधे घट सोडून तांबं-बिस्मथची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात, एक बर्फात. कारण घटाचा दाब टिकत नव्हता. म्हणजे बॅटरीवर संशय त्याचाही होता. पण त्यानं ती बदलली आणि मग मोजलं. मी नुसती बदलली.

२ डिसेंबर
फाट्यावरच्या वायरमनकडे गेलो. टपरी बंद. बाजूचा म्हणाला, धान चुरायला गेलाय. तो ट्रॅक्टरचं काम करतो, म्हणून इतके दिवस तिकडे वळलोच नव्हतो.

३ डिसेंबर, रविवार
सकाळी आठपासून अंगणात. हिनं चहा बोनेटवर ठेवला, मी उचलून भिंतीवर ठेवला.
इंजिन चालू, हँडब्रेक वर, खालचा बीम लावलेला. दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना: १४.१ व्होल्ट. नवी बॅटरी छान, डायनामो छान. ३,८०० आणि १,४५० या दोन आकड्यांचा हा आकडा.
मग डाव्या दिव्यामागचं रबर काढलं, प्लगच्या दोन पत्त्यांत तारा खुपसल्या. ११.३.
पुन्हा खुपसल्या. ११.३.
निघाले १४.१, पोचले ११.३. वाटेत २.८ गेले. म्हणजे ताराच खातात. नगण्य!
आता कुठल्या बाजूला? एक टोक बॅटरीच्या धन टोकावर, दुसरं दिव्याच्या धन पत्तीवर. असं मोजायचं हे पुस्तकात नाही, पण नियमात आहे: एकाच वायरीच्या दोन टोकांत फरक नसावा. फरक ०.६. डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत जाऊन परत येणारी पंधरा वर्षांची वायर, चालेल.
ऋण बाजू. बॅटरीचं ऋण टोक ते दिव्याची ऋण पत्ती: २.२.
बसून घेतलं. चहा गार झाला होता.
ऋण टोकाहून दोन वायरी निघतात. जाड गिअरबॉक्सला, बारीक बॉडीला. बॅटरी ते गिअरबॉक्स: ०.०३. म्हणून सेल्फ झटक्यात लागतो, त्याचा रस्ता वेगळाच. बॅटरी ते बॉडी, बोनेटच्या बिजागरीच्या उघड्या बोल्टवर तार टेकवून: २.१.
इंडिकेटर लावायला हिला आत बसवलं. २.१, २.४, २.१, २.४. मीटर टिकटिकतोय. खिडकीतून विचारते, "झालं का?"
बारीक वायरीच्या बोल्टला हात लावला आणि काढला. चटका. दोन दिवे आणि बाकी किरकोळ मिळून दहा अँपिअर धरा, गुणिले २.१, एकवीस वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा डाग द्यायचा छोटा कैया तेवढ्यावर चालतो. रोध काढला तर ०.२१ ओहम. पाव ओहमही नाही.
इंजिन बंद. ऋण टोक आधी सोडवलं. दहाचा पाना. बोल्ट फिरला, लग हातात आली.
लगखाली काळा रंग. चकचकीत. दोन हात.
बराच वेळ तसाच उभा होतो.
पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा पांढरी केली, नागडा पत्रा दिसेपर्यंत. लगची दोन्ही तोंडं घासली. मधे दातेरी वॉशर. बोल्ट घट्ट. मग वरून ग्रीस. आधी ग्रीस लावायचं नाही, आधी धातूला धातू.
बॅटरी ते बॉडी: ०.०६. दिव्यावर: १३.२. काटा जागचा हलत नाही. हॉर्न वाजवला तर गल्लीतलं कुत्रं उठलं.
हिशेब केला. तंतूच्या बल्बचा उजेड दाबाच्या साधारण ३.४ घाताबरोबर जातो. ११.३ भागिले १३.२, घात केला, ०.५९. शंभरातले एकोणसाठ. एकेचाळीस मी त्या बोल्टवर तापवत होतो, कोजागिरीपासून.
ही बाहेर आली. "काय निघालं?"
"अर्थिंग."
"कोणी बिघडवली?"
गाडी धुवायला घेतली.

४ डिसेंबर
रात्री एकटाच लहरी आश्रमापर्यंत. रस्त्याच्या कडेच्या गवताला रंग आहे. हिरवा.

५ डिसेंबर, मंगळवार
आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ, इथं दिवसभर झड. उरलासुरला धानही गेला. काकाजींनी ओल्या सरड्या घराच्या ओसरीत उभ्या करून ठेवल्यात, मधून पायवाट. मोड फुटलेत. वास येतो.
वायपर एका दमात फिरतो. सांगणार कोणाला?

७ डिसेंबर, गुरुवार
वायरमन टपरीवर. दहा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होता. सगळं सांगितलं, रंगाचं सोडून. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमी तं सगळ्यात पयले अर्थच पायतो जी. चिखलाच्या ट्रॅक्टरची दर सालच जाते. तुमी इकडं आलेच नाई."
त्याची पद्धत: मीटरबिटर नाही. बोटाएवढ्या जाड वायरीचा हातभर तुकडा, दोन्हीकडे चिमटे. एक चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरा बॉडीला. दिवे उसळले तर अर्थिंग कच्ची. इंजिनला लावल्यावर उसळले तर इंजिनची. अर्ध्या मिनिटाचं काम.
ॲक्सिलरेटर जड का झाला होता तेही त्यानंच सांगितलं. "बॉडीची अर्थ गेली का करंट वापस जायले रस्ता पायते. ॲक्सिलरेटरच्या केबलीतून इंजिनवर जाते. केबल गरम होते, आतलं प्लास्टिक नरम पडते, मंग पाय जड." ती वायरही बदलायला सांगितली.
माझ्या वहीत काट्याचं कोडं होतं ते पण विचारलं. त्या काट्याचा सेन्सर इंजिनवर, मीटर डॅशबोर्डात. दोघांची जमीन वेगळी झाली की काटा खोटं बोलतो. हे वाक्य त्याचं नाही, माझं. तो फक्त म्हणाला, "होतेच तसं."

१० डिसेंबर, रविवार
वायरमननं दोन रिले बसवले. डॅशबोर्डच्या स्विचवर आता फक्त रिलेचा भार, दिव्याचा करंट थेट बॅटरीहून, फ्यूजमधून. ३०, ८५, ८६, ८७. पायांचे नंबर त्याला तोंडपाठ. कुठून आले विचारलं. "रिलेवरच रायते." जर्मन मानकातले नंबर, आमच्या कामठ्याच्या टपरीवर. ओहमला आवडलं असतं.
दिव्यावर आता १३.६. रिले, होल्डर, वायर, केबल, मजुरी मिळून १,१००. मोजून घेतले आणि शंभर परत दिले. घेतले मी.

१३ डिसेंबर, बुधवार
शाळा सुटल्यावर मागच्या भिंतीसमोर गाडी लावली, भिंतीपासून पंचवीस फूट. दिव्याच्या मध्याची उंची खडूनं भिंतीवर, तिच्या तीन इंच खाली दुसरी रेघ. खालच्या बीमची वरची कड त्या रेघेवर आणायची. डावा फार वर होता. म्हणजे उजेड होता तेव्हाही अर्धा झाडांना जात होता. स्क्रू फिरवला. अंधार पडेपर्यंत पोरं जमली. नववी बमधली तीही होती. मीटर तिच्या हातात दिला. बॅटरी ते बॉडी.
"शून्य पूर्णांक शून्य सहा."
"हे नगण्य," म्हटलं.
तिनं आकडा वहीत उतरवला. पुढचा प्रश्न तयार होता, पण तिचा भाऊ सायकल घेऊन आला.

१५ डिसेंबर
सकाळी धुकं. परसवाड्याच्या तलावाकडे सारसांची जोडी, कापलेल्या बांधीत. गाडी थांबवली, दिवे बंद केले.

१६ डिसेंबर
थोरल्याचा फोन. पासिंगला सोमवारी जातो म्हटलं. "दिव्यांचं काय झालं?" झालं म्हटलं. "काय होतं?" सैल बोल्ट. हेही पूर्ण खोटं नाही.

१८ डिसेंबर, सोमवार
गोंदिया आरटीओ. रांगेत ट्रॅक्टर, टेंपो, स्कूटर. निरीक्षकांनी चेसिस नंबर पाहिला, हॉर्न, वायपर, इंडिकेटर. दिवे. वर, खाली, वर. बोनेट उघडायला सांगितलं. बॅटरीखालच्या पत्र्याकडे पाहून म्हणाले, "रंग मारलाय वाटतं." हो म्हटलं. सही केली.
पाच वर्षं.

२४ डिसेंबर, रविवार
काळ्या रंगाचा पाव डबा शिल्लक. डिकीच्या तळाला गंज दिसतोय. खरवडला. रंग उघडण्याआधी टेललाइटची अर्थ वायर कुठं बसते ते शोधलं. डाव्या कोपऱ्यात, एक बोल्ट. त्यावर चिकटपट्टी लावली, मग ब्रश घेतला.